यूकेत लॉरीचं लायसन्स काढायचंय? ट्रेनिंग स्कूलला पैसे भरायच्या आधी काय काय बघायचं

लॉरीचं लायसन्स म्हणून गूगलवर टाकलं की वरती ज्या मोठमोठ्या वेबसाइट दिसतात त्यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःची एकही लॉरी नसते. यार्ड नसतं, इन्स्ट्रक्टर नसतो. ते ब्रोकर असतात. तुमच्याकडून पूर्ण पॅकेजचे पैसे घ्यायचे, मग तुमच्या गावाजवळच्या एखाद्या खऱ्या स्कूलला फोन करून कमी पैशात तुमचं ट्रेनिंग तिथे लावून द्यायचं, मधला फरक त्यांचा. तो फरक शेवटी तुमच्या स्टिअरिंगवरच्या तासांतूनच कापला जातो, कारण दुसरीकडून कापायला काही नसतंच. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ड्रायव्हरची टंचाई झाली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, रोज बातम्यांत तेच, तेव्हा हजारो लोकांना वाटलं आपणही लॉरी चालवावी, आणि असले मधले लोक तेव्हा फार फोफावले. आपल्या मराठी लोकांपैकीही बरेच जण आता या लाईनला यायला बघतायत म्हणून हे सगळं नीट एका जागी लिहितोय.

सगळ्या लेखाचा गाभा एकच आहे. ज्याची लॉरी आहे आणि जो माणूस तुमच्या शेजारी बसून शिकवणार आहे त्यालाच पैसे द्यायचे, तेही त्याचं यार्ड डोळ्यांनी बघून, आणि तेही मेडिकल, प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ लायसन्स), थिअरी झाल्यावर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, आधी पैसे आणि मग बाकी सगळं.

हे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सबद्दल आहे. नॉर्दर्न आयर्लंडचं लायसन्स आणि टेस्ट दोन्ही वेगळ्या खात्याकडे आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो

लॉरी ड्रायव्हरच्या नोकरीवर यूकेचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत नाही. २०२१ च्या टंचाईत सरकारने थोड्या काळासाठी तात्पुरते व्हिसे काढले होते, ती स्कीम तेव्हाच बंद झाली. त्यामुळे कोणी एजंट "यूके ट्रक ड्रायव्हर व्हिसा, ट्रेनिंगसकट" असं सांगून लाखो रुपये मागत असेल तर देऊ नका, घरच्यांनाही देऊ देऊ नका. ज्यांना इथे काम करायची परवानगी आधीच आहे, म्हणजे सेटल्ड आहेत, डिपेंडंट व्हिसावर आहेत वगैरे, त्यांच्यासाठी ही लाईन खुली आहे, तरी आपल्या व्हिसाच्या अटी एकदा वाचून घ्या.

दुसरं, भारतातलं हेवी लायसन्स इथे बदलून मिळत नाही. तिकडे वीस वर्षं ट्रक चालवला असला तरी इथे आधी कारची टेस्ट पास व्हायची, ब्रिटिश कारचं फुल लायसन्स हातात यायला पाहिजे, मग पुढचं. वय १८ पूर्ण पाहिजे. तिकडचा अनुभव वाया जात नाही, गाडीच्या मागच्या टोकाचा अंदाज, शांत डोकं, हे सगळं उपयोगी पडतं, पण कागदावर त्याची किंमत शून्य धरूनच प्लॅन करा.

कुठलं लायसन्स पाहिजे ते आधी तुम्हीच ठरवा

स्कूलला फोन करायच्या आधी हे क्लिअर पाहिजे नाहीतर समोरचा सेल्सवाला तुमच्यासाठी ठरवतो, आणि तो जे महाग आहे तेच ठरवतो.

सी वन म्हणजे साडेतीन टनांच्या वर आणि साडेसात टनांपर्यंतची गाडी. सी म्हणजे मोठी रिजिड लॉरी, ज्याला इथले जुने लोक अजून क्लास टू म्हणतात. सीई म्हणजे ट्रेलरवाली आर्टिक्युलेटेड, म्हणजे क्लास वन. १ जानेवारी १९९७ च्या आधी इथली कारची टेस्ट पास झालेल्यांच्या लायसन्सवर सी वन बहुतेक आपोआपच असतं, त्यामुळे घरात कोणी तेवढं जुनं असेल तर आधी त्यांचं कार्ड उलटून बघा.

पूर्वी सी पास झाल्याशिवाय सीई देता यायचं नाही. नोव्हेंबर २०२१ पासून तो नियम बदलला, आता कारवरून थेट सीईची टेस्ट देता येते आणि ती पास झालात की सी त्यातच येतं. हा नियम स्कूलवाले फार विकतात, "एकाच टेस्टमध्ये दोन्ही". माझं मत विचाराल तर ज्याला मोठ्या व्हॅनची किंवा टोइंगची सवय आहे, रिव्हर्सला डोकं चालतं, त्याने थेट सीई करायला हरकत नाही. पण ज्याने आयुष्यात छोटी हॅचबॅकच चालवलीय त्याला थेट १६ मीटरच्या गाडीत बसवून चार दिवसांत टेस्टला उभं करणं म्हणजे त्याच्याच पैशावर जुगार. चांगला स्कूलवाला हे स्वतःहून सांगतो. तुमचा अनुभव एका शब्दाने न विचारता जो सीईचं पॅकेज पुढे करतो त्याच्याबद्दल तिथेच शंका घ्या.

ऑटोमॅटिकचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. तुमचं कारचं लायसन्स मॅन्युअलचं असेल तर लॉरीची टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तरी मॅन्युअल लॉरीचाही हक्क मिळतो. म्हणून "मॅन्युअल गाडीचे जास्त पैसे" असं कोणी म्हणालं तर द्यायची गरज नाही, आजकालच्या लॉऱ्या तशाही बहुतेक ऑटोमॅटिकच असतात. कारचं लायसन्सच ऑटोमॅटिकपुरतं असेल तर मात्र वेगळं, तेव्हा स्कूलशी आधी बोला.

मेडिकल आणि प्रोव्हिजनल, स्कूलशिवाय

डी२ फॉर्म तुमचा अर्ज आणि डी४ फॉर्म मेडिकलचा. डी४ डॉक्टर भरतो, डोळ्यांचा भाग डॉक्टर किंवा ऑप्टिशियन. हे तुमच्या जीपीकडेच (फॅमिली डॉक्टरकडे) करायला पाहिजे असं नाही, जनरल मेडिकल कौन्सिलकडे रजिस्टर असलेला, प्रॅक्टिसचं लायसन्स असलेला कुठलाही डॉक्टर चालतो, आणि फक्त ड्रायव्हर मेडिकल करणारी क्लिनिक जीपीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतात. डॉक्टरने सही केल्यापासून ४ महिन्यांत फॉर्म डीव्हीएलएकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडे, पोचला पाहिजे. प्रोव्हिजनल लॉरी लायसन्सला डीव्हीएलए एक पैसा घेत नाही. मग पॅकेजमध्ये "लायसन्स अॅप्लिकेशन फी" असा आकडा दिसला तर तो कशाचा हे विचाराच.

मेडिकल आधी करायचं कारण साधं आहे, ते फेल गेलं तर पुढचं सगळंच थांबतं. चांगल्या डोळ्याची नजर ६/७.५ आणि दुसऱ्याची किमान ६/६० लागते, चष्मा लावून चालतं पण नंबर खूप जास्त असेल तर अडचण येते. रक्तदाब सतत वरचा १८० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा १०० किंवा त्याहून जास्त असेल तर चालवता येत नाही. आपल्याकडे डायबेटिस घराघरात आहे म्हणून सांगतो, इन्शुलिनवर असलात म्हणून दार कायमचं बंद असं नाही, पण शुगरच्या नोंदी आणि स्पेशालिस्टचा रिपोर्ट लागतो आणि वेळ बराच जातो. अशा माणसाने स्कूलला आधी दीड-दोन हजार पाउंड भरून ठेवले आणि डीव्हीएलएकडून उत्तर यायला महिने लागले तर ते पैसे अडकून पडतात, आणि स्कूलच्या अटींमध्ये बहुतेक लिहिलेलं असतं की मेडिकलची जबाबदारी तुमची.

थिअरीची तयारी घरी बसून होते

प्रोव्हिजनल आलं की थिअरी गव्ह डॉट यूकेवर स्वतः बुक करा. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट वर येतात, त्या बुकिंगचे जादा पैसे घेतात, तेव्हा पत्ता नीट बघून मगच कार्ड काढा.

सगळ्या परीक्षेचे चार पार्ट असतात. पार्ट वन म्हणजे थिअरी, तीत १०० प्रश्न, ८५ बरोबर पाहिजेत. मग हॅझर्ड परसेप्शनच्या, म्हणजे रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखायच्या, १९ व्हिडिओ क्लिप, १०० पैकी ६७ लागतात. त्याशिवाय पार्ट टू म्हणजे केस स्टडीजची वेगळी परीक्षा, ५० पैकी ४० पाहिजेत. हायवे कोड (रस्त्याच्या नियमांचं पुस्तक) आणि डीव्हीएसएचं, म्हणजे टेस्ट घेणाऱ्या सरकारी खात्याचं, अधिकृत पुस्तक किंवा अॅप घेतलं की पुरतं. रोज संध्याकाळी तासभर बसणारा माणूस काही आठवड्यांत तयार होतो. इंग्रजीची भीती असेल तर जरा जास्त वेळ द्या, कारण प्रश्न अवघड नसतात पण वाक्यं फिरवून विचारतात. यासाठी "थिअरी सपोर्ट पॅकेज" म्हणून शेकडो पाउंड मोजायची खरंच गरज नाही.

यात एक मोठा फायदा आहे. थिअरी पास होऊन तुम्ही स्कूलला फोन करता तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक म्हणून वेगळ्या जागेवर असता. स्कूलला कळतं की हा माणूस तयारीने आलाय, लगेच तारीख देता येईल, आणि तुम्हाला विकायला त्यांच्याकडे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लॉरीतले तास. तेवढ्याच गोष्टीवर मग दोन-तीन स्कूलची तुलना करता येते. थिअरीचा निकाल २ वर्षं चालतो, त्यामुळे घाईही नाही.

सरकारी फी माहिती असली की कोटेशन वाचता येतं

थिअरीचे प्रश्न २६ पाउंड, हॅझर्ड ११, केस स्टडी २३. प्रॅक्टिकल म्हणजे पार्ट थ्री, त्यातला थ्री ए म्हणजे यार्डातला भाग साधारण ४०, थ्री बी म्हणजे रोड टेस्ट कामाच्या दिवशी ११५, आणि पार्ट फोर ५५. सगळं मिळून २७० पाउंडच्या आसपास. संध्याकाळी किंवा वीकेंडला थोडं जास्त. म्हणजे कोटेशनमध्ये "सर्व टेस्ट फी समाविष्ट" असं मोठ्या अक्षरात असलं तरी त्यातला सरकारी हिस्सा एवढाच आहे, बाकीची रक्कम ही ट्रेनिंगची आणि गाडीची, आणि तिच्या बदल्यात काय मिळतंय हेच तपासायचंय.

पार्ट फोर काय असतं ते विचारतात बरेच जण. त्यात गाडी चालवायची नसते, तपासणी कशी करायची, लोड कसा बांधायचा, गाडीत कोणी लपून बसलंय का कसं बघायचं, आग लागली तर काय, असं परीक्षकाला दाखवून सांगायचं. पाच विषय, प्रत्येकात २० पैकी १५ आणि एकूण १०० पैकी ८० लागतात. ती द्यायला पार्ट टू आधी पास पाहिजे. काही स्कूल पार्ट फोर पॅकेजमध्ये धरतच नाहीत आणि शेवटी सांगतात की ते वेगळं, पण पगारी नोकरी करायची तर चारही पार्ट लागतात. म्हणून कोटेशन हातात आलं की आधी चारही पार्ट त्यात आहेत का मोजा.

ब्रोकर आहे की स्कूल, फोनवर कसं ओळखायचं

पहिला प्रश्न, "तुमचं यार्ड कुठे आहे, मी शनिवारी बघायला येऊ का?" खरा स्कूलवाला पोस्टकोड देतो आणि या म्हणतो, फार तर म्हणेल त्या दिवशी ट्रेनिंग चालू असेल तर लांबून बघा. ब्रोकर म्हणतो आमचं देशभर नेटवर्क आहे, तुमच्या जवळचं सेंटर बुकिंगनंतर कळवू. हे वाक्य ऐकलं की समजून जा.

दुसरा, "मला कोण शिकवणार, त्यांचं नाव काय, किती वर्षं शिकवतायत?" इथे एक गोष्ट लोकांना माहितीच नसते. पैसे घेऊन कार शिकवायची तर इन्स्ट्रक्टरचं डीव्हीएसएकडे नाव नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे. लॉरीला तशी सक्ती नाही. ४४ टनांपर्यंतच्या गाड्यांचं शिक्षण देणारा माणूस कुठल्याच रजिस्टरवर नसला तरी चालतं! नॅशनल व्होकेशनल ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर्स रजिस्टर नावाचं एक रजिस्टर आहे, ते ऐच्छिक आहे, आणि त्यावर नाव असण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तुमचा इन्स्ट्रक्टर त्यावर आहे का विचारा. नसला म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, काही जुने लोक रजिस्टरशिवायही उत्तम शिकवतात, पण असला तर एक पायरी वर धरायला हरकत नाही.

तिसरा, "इनव्हॉइस कोणाच्या नावाने येणार?" जे नाव सांगतील ते कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची सरकारी नोंदणी) साइटवर फुकट शोधता येतं. कंपनी कधी सुरू झाली, डायरेक्टर कोण, हिशेब वेळेवर दिलेत का, सगळं दिसतं. त्याच डायरेक्टरच्या आधीच्या दोन-तीन ट्रेनिंग कंपन्या बंद पडलेल्या दिसल्या तर तिथून निघा. छोटी स्कूल कंपनी न काढता एकट्या मालकाची पण असते, तेव्हा रेकॉर्ड सापडणार नाही, मग यार्ड आणि माणूस बघून ठरवायचं.

आणि जो "ही ऑफर आज रात्रीपर्यंतच" असं म्हणतो त्याचा फोन ठेवा. लॉरी शिकवणाऱ्या चांगल्या माणसाकडे आधीच लोक वाट बघत असतात, त्याला घाई करायची वेळच येत नाही.

यार्डात गेल्यावर

यात आळस करू नका, ट्रेनने जावं लागलं तरी जा. सगळ्यात आधी लॉरी बघा. टेस्टसाठी सी ची गाडी किमान १२ टन क्षमतेची (गाडी आणि माल मिळून), ८ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद पाहिजे, आणि टेस्टच्या वेळी तिचं खरं वजन किमान १० टन पाहिजे. सीईला २० टन क्षमता, १४ मीटर लांबी, खरं वजन किमान १५ टन. म्हणून टेस्टच्या गाडीत बहुतेक पाण्याने भरलेल्या हजार हजार लिटरच्या टाक्या ठेवलेल्या असतात. विचारा की ट्रेनिंगही भरलेल्या गाडीवरच होतं का. रिकामी लॉरी ब्रेकला एक वागते आणि भरलेली दुसरीच, चढावर सुद्धा फरक कळतो, आणि तो फरक टेस्टच्या सकाळी पहिल्यांदा कळून चालत नाही. त्याचबरोबर हेही विचारा की ज्या गाडीवर शिकणार तीच टेस्टला मिळणार का. उत्तर सरळ हो पाहिजे.

टायर, आरसे, केबिनची स्वच्छता बघा. रोज तपासणी करा असं शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीचा आरसा टेपने चिकटवलेला असेल तर तिथे तुम्ही काय शिकणार.

मग रिव्हर्सची जागा. थ्री ए मध्ये एस आकारात मागे घेत बे मध्ये, म्हणजे आखलेल्या जागेत, गाडी लावायची असते, सीईला शिवाय ट्रेलर सोडून परत जोडायचा. यासाठी ट्रॅफिक कोन आणि खांब लावलेली पक्की मोकळी जागा लागते, ती स्कूलची स्वतःची आहे की तासावर भाड्याने घेतलेली, आणि रोज मिळते का? काही स्कूलना थ्री ए ची टेस्ट स्वतःच्या यार्डात, मान्यता असलेल्या परीक्षकाकडून घ्यायची परवानगी असते. तसं असेल तर चांगलंच, ज्या जागी सराव केला तिथेच टेस्ट. थ्री ए पास झाल्याशिवाय थ्री बी देता येत नाही हे लक्षात ठेवा.

रोड टेस्ट कुठल्या सेंटरला होणार आणि ते यार्डापासून किती लांब? जवळ असेल तर ट्रेनिंग त्याच रस्त्यांवर होतं, तिथले राउंडअबाउट, बसलेन, कमी उंचीचे पूल सगळं पायाखालचं होतं. लांब असेल तर तुमच्या पैशाच्या तासातले बरेच तास नुसते जाण्यायेण्यात जातात.

जमलं तर तिथे शिकत असलेल्या एखाद्याशी दोन मिनिटं बोला, चहाच्या ब्रेकला. एकच विचारा, काल तू स्वतः किती तास चालवलीस? त्याचं उत्तर कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा खरं असतं. महिलांनी पण न संकोचता विचारावं की महिला इन्स्ट्रक्टर आहे का, किंवा आधी किती महिला इथून शिकून गेल्या, चांगल्या स्कूलला याचं नवल वाटत नाही.

तास मोजा, दिवस नको

सगळा घोळ इथेच होतो म्हणून जरा जास्त लिहितो.

"पाच दिवसांचा कोर्स" याला काही अर्थ नाही. एका स्कूलचा दिवस आठ तासांचा, दुसऱ्याचा चार तासांचा. पाचवा दिवस बहुतेक टेस्टचाच असतो, म्हणजे शिकायचे दिवस चारच. त्यात बरेच ठिकाणी एका लॉरीत दोन शिकाऊ असतात, एक चालवतो आणि दुसरा मागे बसून बघतो. बघून शिकायला मिळतं हे खरं आहे, दुसऱ्याच्या चुका बघून बरंच कळतं, पण ते स्टिअरिंगवरचे तास नव्हेत.

समजा एक स्कूल म्हणते २० तासांचा कोर्स, १६०० पाउंड, पण एका गाडीत दोघं. म्हणजे तुम्ही चालवणार १० तास, तासाला १६० पाउंड पडले. दुसरी म्हणते १६ तास, १८०० पाउंड, पण तुम्ही एकटे. तासाला ११२ च्या आसपास. कागदावर पहिली स्वस्त दिसत होती! ब्रेक, सकाळची गाडीची तपासणी, डिझेल भरणं हे तासांत धरलंय का तेही विचारा. आणि उत्तर ईमेलवर घ्या, "एकट्याने स्टिअरिंगवर एकूण किती तास" एवढ्याच शब्दांत. फोनवर सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नसतं.

किती तास पुरतात हे माणसावर आहे. म्हणून ज्या स्कूल आधी तासाभराची असेसमेंट ड्राइव्ह देतात त्यांना मी वरचा नंबर देतो. पैसे थोडे पडतात पण इन्स्ट्रक्टर तुम्हाला चालवताना बघून सांगतो की तुला अमुक तास लागतील, आणि तुम्हालाही कळतं की या माणसाबरोबर केबिनमध्ये आठवडा काढता येईल की नाही. ओरडणारा इन्स्ट्रक्टर असेल तर एका तासात कळतं. मोठ्या गाडीत आधीच जीव मुठीत असतो, वर शेजारचा ओरडायला लागला की डोकं चालत नाही, हे साधं आहे पण यामुळे चांगले चांगले लोक फेल होतात.

पास रेट, गॅरंटी आणि रिव्ह्यू

देशभरात लॉरीच्या प्रॅक्टिकलचा पास रेट ढोबळमानाने साठ टक्क्यांच्या आसपास असतो. मग कोणी ९८ टक्के सांगत असेल तर विचारा, हे पहिल्या प्रयत्नाचं आहे की शेवटी कधीतरी पास झालेल्यांचं? आणि कुठल्या टेस्टचं, थ्री ए चं की थ्री बी चं?

"पास गॅरंटी" म्हणजे तुम्ही पास होणारच असं नसतं, बहुतेक फेल झालात तर परत टेस्ट मिळेल एवढंच असतं. त्यात टेस्ट फी कोण भरणार, गाडीचं भाडं कोण भरणार, मध्ये सरावाचे तास मिळणार का आणि किती दिवसांत तारीख, हे बारीक अक्षरात असतं. ते वाचा. "नोकरीची गॅरंटी" म्हणजे तर बहुतेक तुमचा सीव्ही एजन्सीला पाठवणं. खरोखर नोकरी असेल तर कंपनीचं नाव आणि कोणाशी बोलायचं ते द्यायला काय हरकत आहे?

रिव्ह्यू वाचताना इन्स्ट्रक्टरचं नाव आणि टेस्ट सेंटरचं नाव असलेले शोधा. "सेल्स टीमने खूप मदत केली, बुकिंग सोपं" एवढंच लिहिलेले रिव्ह्यू बुकिंगच्या दिवशीच लिहून घेतलेले असतात, ट्रेनिंगबद्दल ते काहीच सांगत नाहीत. एक आणि दोन स्टारवाले आधी वाचा, त्यात रिफंडच्या तक्रारी किती आणि कंपनीने काय उत्तर दिलंय ते बघा.

कोटेशन, अटी आणि पैसे कसे द्यायचे

अटी पूर्ण वाचा, चहा घेऊन बसा आणि वाचा. त्यात या गोष्टी शोधायच्या: फेल झालात तर रिटेस्टचा खर्च गाडीच्या भाड्यासकट किती, इन्स्ट्रक्टर आजारी पडला किंवा लॉरी बंद पडली तर टेस्ट फी आणि दिवस कोणाच्या खात्यावर, तुम्हाला तारीख बदलायची असेल तर किती दिवस आधी सांगायचं, आणि पॅकेजला मुदत आहे का. मुदतीचं लक्षात ठेवा, काही ठिकाणी वर्षभरात कोर्स झाला नाही तर पैसे गेले असं असतं आणि तारखा देणं मात्र त्यांच्या हातात. व्हॅट धरलाय का तेही विचारा, नाहीतर शेवटी वीस टक्के वाढतात.

एकदम सगळे पैसे कधीच देऊ नका. तारीख पक्की करायला डिपॉझिट, बाकी ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी, हे रास्त आहे आणि छोट्या चांगल्या स्कूल यावरच चालतात. डिपॉझिट क्रेडिट कार्डने द्या. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम ७५ खाली १०० पाउंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत किमतीच्या गोष्टीचा काही भाग जरी क्रेडिट कार्डने दिला तरी स्कूल बुडाल्यास किंवा फसवल्यास कार्ड कंपनीकडे दावा करता येतो. मात्र पैसे आणि करार एकाच पार्टीशी असले पाहिजेत, मध्ये ब्रोकर आला की इथेच घोळ होतो. बँक ट्रान्सफरला हे संरक्षण नाही.

फोनवर किंवा ऑनलाइन बुक केलं असेल तर ग्राहक करारांच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे सहसा १४ दिवसांत रद्द करता येतं. पण त्या १४ दिवसांतच सर्व्हिस सुरू करा असं तुम्ही सांगितलं असेल तर तेवढ्या झालेल्या कामाचे पैसे ते कापू शकतात. म्हणून घाईत "लगेच सुरू करा" वर टिक करू नका. हप्त्यावर कोर्स विकत असतील तर कर्ज कोण देतंय, व्याज किती, आणि ती कंपनी फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीच्या (कर्ज देणाऱ्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) रजिस्टरवर आहे का हे बघितल्याशिवाय सही नाही.

स्वतःचे पैसे न घालता होतंय का तेही बघा

इंग्लंडमध्ये सरकारी पैशातून लॉरीचे स्किल्स बूटकॅम्प, म्हणजे कामाचे छोटे कोर्स, चालवले गेलेत, १९ वर्षांवरच्या लोकांसाठी. तुमच्या भागात सध्या कोणता चालू आहे ते गव्ह डॉट यूकेवर आणि तुमच्या कम्बाइन्ड अथॉरिटीच्या (आसपासच्या कौन्सिलांची मिळून असलेली संस्था) साइटवर बघा. लॉरी ड्रायव्हरची अप्रेंटिसशिपही असते, त्यात पगार घेत शिकता येतं. आणि मोठ्या वेअरहाउसमध्ये, डिलिव्हरी कंपनीत किंवा कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीवर आधीच काम करत असाल तर मॅनेजरला सरळ विचारा, बऱ्याच कंपन्या आपल्याच माणसाला लायसन्स काढून देतात. बदल्यात वर्ष-दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर खर्च परत करायचा, अशी अट असते, ती वाचून मगच सही करा. व्हिसावर असणाऱ्यांनी सरकारी फंडिंग आपल्याला लागू आहे का हे आधीच लेखी विचारून घ्या.

ट्रेनिंग सुरू झाल्यावर

पहिल्या दिवशीच काही खटकलं तर त्याच दिवशी बोला. दोघं असणार म्हणाले आणि तिसरा येऊन बसला, आठ तास म्हणाले आणि पाच तासांतच सोडलं, इन्स्ट्रक्टर फोनवर बोलत बसला, हे घरी जाऊन लगेच तारीख-वेळेसकट ईमेलवर लिहून पाठवा. रोज किती वाजता स्टिअरिंगवर बसलात आणि किती वाजता उतरलात ते फोनमध्ये टिपत जा, पुढे रिफंडचं भांडण झालं तर तेच कामाला येतं.

फेल झालात तर डिब्रीफ नीट ऐका, रोड टेस्टमध्ये १५ पर्यंत छोट्या चुका चालतात पण एक सीरियस चूक झाली की संपलं, त्यामुळे नेमकं कुठे गेलं हे परीक्षकाकडून समजून घ्या आणि इन्स्ट्रक्टरला त्याच गोष्टीवर तास मागा. परत सगळा कोर्स घ्या असं कोणी म्हणत असेल तर दुसऱ्या स्कूलला फोन करून फक्त काही तास आणि टेस्टला गाडी असं कोटेशन मागवा. थिअरीचा निकाल तुमच्या नावावर असतो, स्कूलच्या नाही, स्कूल बदलली तरी तो तुमच्याबरोबरच येतो.

चारही पार्ट झाले की ड्रायव्हर क्वालिफिकेशन कार्ड तुमच्या लायसन्सवरच्या पत्त्यावर पोस्टाने येतं, म्हणून घर बदललं असेल तर टेस्टच्या आधीच डीव्हीएलएकडे पत्ता बदलून घ्या. डिजिटल टॅकोग्राफचं (गाडी किती वेळ चालवली याची नोंद ठेवणारं यंत्र) ड्रायव्हर कार्ड वेगळं, त्याचा अर्ज तुम्हीच करायचा, आणि तो लायसन्स मिळाल्या मिळाल्या करा कारण एजन्सीवाले नोंदणीच्या वेळी लायसन्स धरून तिन्ही कार्डं मागतात.